दोन कप्प्यांची पट्टी

पित्ताशय काढलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मला घरी सोडलं. पूर्वी तीन-चार दिवस ठेवून घ्यायचे, असं सासूबाई म्हणाल्या. आता ठेवून घेण्याचं कारण उरलेलं नव्हतं, कारण माझ्या डाव्या दंडावर पट्टी होती.

काड्यापेटीएवढी, मऊ, कातडीच्या रंगाची. आत दोन कप्पे, एकात वेदनाशामक आणि दुसऱ्यात मळमळ थांबवणारं औषध. सुया केसाहून बारीक, त्यामुळे टोचल्याचं कळतसुद्धा नव्हतं. भूल देणाऱ्या डॉक्टर तांबोळी निघण्याआधी स्वतः समजावून सांगायला आल्या. मी बी.एस्सी. झालेय असं कळल्यावर त्यांनी खुर्चीच ओढून घेतली.

"ऑपरेशननंतर दोन तक्रारी ठरलेल्या असतात. दुखतंय आणि मळमळतंय. दुखण्याचं औषध वाढवलं की मळमळ वाढते. मळमळीचं वाढवलं की दुखण्याच्या औषधाचा जोर ओसरतो."

"तो का ओसरतो?"

"आपल्या शरीरात सेरोटोनिन म्हणून एक निरोप्या असतो. हे वेदनाशामक थोडंफार त्याच्या मदतीने काम करतं. आणि मळमळीचं औषध नेमकी त्याचीच दारं लावून घेतं. एकाने उघडायचं, दुसऱ्याने लावायचं. इतकी वर्षं आम्ही दोन्ही अंदाजाने देत होतो. आता पट्टी ठरवते. मळमळीचा एक थेंब वाढवला तर वेदनाशामक किती वाढवलं म्हणजे तोल राहील, ते तिला कळतं. तुमची नाडी, श्वास, घाम यांवर तिचं लक्ष असतं. उलटी झाली तर मोबाइलवरचं बटण दाबायचं, बाकी काही करायचं नाही."

"बाळ अंगावर पितं," मी म्हटलं. हे मी तिसऱ्यांदा सांगत होते.

"फॉर्ममध्ये आहे ते. दुधात उतरतं, पण इतकं थोडं, की मध्यम यकृताच्या बाईच्या बाळाला काही होत नाही."

"मध्यम यकृत म्हणजे?"

"औषध फोडायचा वेग. बहुतेकांचा मध्यमच असतो. तुमचं रक्त जनुक-तपासणीला गेलंय, आठवड्यात कळेल. तोवर मध्यम धरलाय."

माझा नवरा हृषी शेजारी उभा राहून मोबाइलवर पट्टी जोडून घेत होता. जोडली गेली आणि पडद्यावर हिरवा गोल उमटला. वेदना दोन, मळमळ एक. "झकास," तो म्हणाला.

मी सोमवारी घरी आले. केतकी तेव्हा अडीच महिन्यांची होती.

मी कशी आई आहे ते आधी सांगून टाकते. माझ्याकडे एक वही आहे. केतकी किती वाजता प्यायली, कुठल्या बाजूला, किती मिनिटं, लंगोट किती ओले झाले, सगळं त्यात असतं. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरते. हृषी मला 'चौकीदार' म्हणतो. सासूबाई काही म्हणत नाहीत, नुसत्या बघतात, आणि ते जास्त लागतं. बाळगुटीवरून आमचं एकदा वाजलंही होतं. सहाणेवर हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड उगाळायला माझी हरकत नव्हती. पण जायफळ नाही. जायफळाने बाळं गुंगतात, मी वाचलं होतं. "एक वेढा देतात गं, एकच," सासूबाई म्हणाल्या होत्या. "अर्धाही नको," मी म्हणाले होते. त्यानंतर गुटीतून जायफळ गेलं. म्हणजे गेलं असं मी धरून चालले होते.

सोमवारी दुपारी पहिली उलटी झाली. पोटावर चार टाके, त्यात उलटी. सासूबाईंनी पाठीवर हात ठेवला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "हृषी, दाब रे ते!"

हृषीने दाबलं. दहा मिनिटांनी परत उलटी झाली.

"पण यात तर हिरवं दाखवतंय," तो मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाला. "मळमळ एक."

"मग ही बादली कुणाची?" मी विचारलं.

तो हसला आणि त्याने परत बटण दाबलं. पुढचे दोन दिवस घरात हेच चाललं. उलटी झाली की सासूबाईंची हाक, हृषीचं बोट. दोघांचाही जीव माझ्यात होता, यात शंका नाही. हृषीने रजा काढली होती. तो दूध संघाच्या प्रयोगशाळेत आहे, आणि तिथे सणासुदीच्या तोंडावर रजा मिळणं सोपं नसतं.

दुखत मात्र अजिबात नव्हतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात वायू भरतात, तो नंतर उजव्या खांद्यात जाऊन ठणकतो, असं मला बजावलं होतं. खांदा असल्याचं मला जाणवतही नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट झाली, जी मला कुणी सांगितली नव्हती. मला बरं वाटत होतं. नुसतं शरीराने नव्हे. लहानपणापासून माझ्या छातीत एक काहीतरी घट्ट आवळलेलं असतं. परीक्षेला असायचं, लग्नात होतं, केतकी झाल्यापासून तर क्षणभर सुटलेलं नव्हतं. ते सैल झालं. उलटी व्हायची, मी तोंड धुवायचे, परत उशीवर डोकं टेकायचे आणि पंख्याकडे बघत बसायचे.

"बघ, किती शांत झालीस," हृषी मंगळवारी संध्याकाळी म्हणाला. "ही पट्टी कायमची लावून टाकू या."

"केतकीही शहाणी झालीय," सासूबाई म्हणाल्या. "आई शांत तर लेकरू शांत. मी सांगत नव्हते?"

खरंच होतं ते. केतकीची कुरकुर थांबली होती. पाजायला घेतली की चार घोट घ्यायची आणि छातीवरच झोपायची. मला ते छान वाटत होतं.

बुधवारी अकराच्या सुमाराला मी वही उघडली. काळजी वाटली म्हणून नव्हे, उशीखाली टोचत होती म्हणून. शेवटची नोंद सोमवारी चार वाजताची होती. त्यापुढे कोरं पान.

मी त्या पानाकडे बघत राहिले. अडीच महिन्यांत मी एक दिवसही सोडला नव्हता. भूल उतरल्यावर पहिली नोंद तर कॉटवर पडल्या पडल्या केली होती. आता दीड-दोन दिवस कोरे होते आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी घाबरायला हवं होतं, हे मला समजत होतं. पण भीती येत नव्हती. एखादं गणित मांडावं तशी मी ते सगळं एकेक करून मांडत गेले. काल दुपारपासून ओले लंगोट किती? दोरीवर तीन. एरवी आठ असतात. पाजलं कधी? सकाळी सहाला. म्हणजे पाच तास. ती रडली कधी?

ते आठवेना.

मी पाळण्याशी गेले. केतकीच्या पोटावर हात ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून श्वास मोजले. मिनिटाला सतरा. एवढ्या बाळाचे तीसच्या वर हवेत. मी तिच्या तळपायावर टिचकी मारली. तिने पाय जरासा ओढला, सावकाश, पाण्यात ओढावा तसा. डोळे उघडले नाहीत.

"आई!" मी हाक मारली. सासूबाई पोळ्या टाकून आल्या. "तुम्ही गुटीत जायफळ घातलंत?"

"काय?"

"ही गुंगलीय. श्वास बघा तिचा. जायफळ घातलंत ना? किती वेढे दिलेत?"

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. केतकीकडे बघून गेला की माझ्या बोलण्याने, ते मला अजून कळलेलं नाही. "तू नको म्हणालीस त्या दिवसापासून जायफळ मसाल्याच्या डब्यात आहे. गुटीच्या डब्यात नाही. जाऊन बघ."

"मग ही अशी का झालीय?"

"मला काय विचारतेस? दोन दिवस तुझ्याच कुशीत आहे ती. अगं, नात आहे माझी! गुंगवून झोपवायला मी काय पगारी दाई आहे?"

"बाळ शांत हवं असतं ना तुम्हाला."

हे मी बोलायला नको होतं. हृषी धावत आला. "काय चाललंय?" तो म्हणाला, आणि तेवढ्यात मला उमासा आला. बादलीपर्यंतही पोहोचले नाही. सासूबाई इतक्या संतापलेल्या, तरी पहिल्यांदा त्यांनीच मला धरलं आणि सवयीने ओरडल्या, "हृषी, दाब रे ते!"

मी फरशीवर बसले होते. हृषीचं बोट पडद्यावर टेकत होतं.

"थांब," मी म्हटलं. "दाबू नकोस. आतापर्यंत किती वेळा दाबलंस?"

"मोजलं नाही."

"त्यात असेल. बघ."

त्याने बघितलं. "चौदा."

"दरवेळी काय झालं?"

"मळमळीचं वाढलं. आणि..." त्याने पडदा वर सरकवला. "आणि दुखण्याचंही वाढलं. दरवेळी. पण ते तसंच असतं ना? तोल राखायला? डॉक्टर म्हणाल्या होत्या."

"डॉक्टरांना फोन लाव."

डॉक्टर तांबोळींनी तिसऱ्या घंटीला उचलला. मी फक्त तीन वाक्यं बोलले. मळमळीचं औषध माझ्यावर चालतच नाहीये. बटण चौदा वेळा दाबलंय. बाळ उठत नाहीये.

"पट्टी काढा. आत्ता, मी बोलतेय तोवर. बाळाला पाजू नका. तळव्याला टिचक्या मारत राहा आणि इकडे या. तुम्ही येताय तोवर मी बालरोगवाल्यांना खाली उभं करते."

मी पट्टी ओढली. दंडावर ठिपक्यांचे दोन चौकोन उमटले होते. पोळी तव्यावर जळून गेली होती. गॅस कुणी बंद केला, आठवत नाही. हृषी रिक्षा बघायला धावला. सासूबाई पायऱ्यांवरून माझ्यापुढे उतरल्या, केतकीला खांद्यावर घेऊन, तिच्या तळव्यावर टिचक्या मारत. "ऊठ गं बाई, ऊठ गं राणी." आख्ख्या रस्ताभर त्यांनी हात थांबवला नाही.

इस्पितळात कोवळ्या वयाच्या निवासी डॉक्टरने केतकीला टेबलावर ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "घरचं काही दिलंय का बाळाला? गुटी, जायफळ, अफू, काही?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मसाल्याचा डबा उघडून पाहिला नव्हता, गुटीचाही नाही. माझ्याकडे पुरावा कसलाच नव्हता.

"गुटी देतो. जायफळ नाही," मी म्हटलं. "माझं दूध दिलंय."

त्याने केतकीच्या मांडीत इंजेक्शन दिलं. अर्ध्या मिनिटाने तिने तोंड वाकडं केलं, मग डोळे उघडले, मग असा टाहो फोडला की शेजारच्या टेबलावरचं पोरही रडायला लागलं. हृषी भिंतीला टेकून खाली बसला.

पण एवढ्याने संपलेलं नव्हतं. उताऱ्याचं औषध लवकर ओसरतं आणि मूळ औषध रेंगाळतं, म्हणून ती पुन्हा गुंगू शकली असती. चोवीस तास तिला तारांना जोडून ठेवलं. दोनदा ती पुन्हा मंदावली, दोनदा परत टोचावं लागलं.

दुपारी डॉक्टर तांबोळी आल्या. यावेळी त्यांनी खुर्ची ओढली नाही.

"यकृतात एक विकर असतं, म्हणजे एन्झाइम," त्या म्हणाल्या. "ते आमच्या दोन्ही औषधांवर काम करतं, पण उलटसुलट. मळमळीच्या औषधाला ते मोडून टाकतं. वेदनाशामकाला मात्र ते जागं करतं. कच्चं औषध पक्कं होतं ते त्याच्यामुळेच. काही जणांत हे विकर फार तेज असतं. त्यांच्यात मळमळीचं औषध तासाभरात नाहीसं होतं आणि दुखण्याचं औषध दुप्पट-तिप्पट जोरात चढतं. तुम्ही बहुधा तशा आहात."

"म्हणून उलट्या थांबल्या नाहीत."

"थांबणार कशा? चढलेल्या वेदनाशामकाने मळमळ होत होती. तुम्ही बटण दाबलंत की पट्टी मळमळीचं औषध द्यायची. त्याने दार बंद होणार, जोर कमी पडणार, म्हणून वेदनाशामक वाढवायची. पहिलं तुमच्यात टिकतच नव्हतं. दुसरं साठत गेलं. तुमचं वजन साठ किलो, तुम्ही ते पेललंत. नाडी, श्वास ठीक, म्हणून गोल हिरवा. दुधातून जे गेलं ते साडेपाच किलोच्या जिवाला गेलं. तिला पट्टी नव्हती."

"पट्टीला हे कळायला हवं होतं," हृषी म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "आमच्याकडे गाईला इंजेक्शन दिलं तर तीन दिवस तिचं दूध वेगळं काढतात. कॅन ओतून घ्यायच्या आधी आम्ही तपासणीची पट्टी बुडवून बघतो. गाईचं विचारतो, मॅडम. इथे कोणी विचारलं?"

"विचारलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या बायकोने. तीनदा. मी मध्यम धरलं." मग म्हणाल्या, "अहवाल येईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या कुणालाही पट्टी लावायची नाही, असं मी आज लिहून दिलंय. तुम्हाला त्याचा काही उपयोग नाही, ते मला कळतंय."

संध्याकाळी औषध माझ्या अंगातून उतरायला लागलं. आधी खांदा आला. कुणी आत खिळा ठोकावा तसा. मग टाके आले, एकेक करून चारही. आणि साताच्या सुमाराला, केतकीच्या यंत्रावरचे आकडे बघत असताना, ती भीती आली. दोन दिवसांची साठलेली, सगळी एकदम. पाच तास ती प्यायली नव्हती आणि मी पंख्याकडे बघत होते. मला ते छान वाटत होतं. मी स्टुलावर बसून थरथरायला लागले, रडताही येईना, कारण रडलं की टाके ओढायचे.

हृषी जवळ आला. "दुखतंय? डॉक्टरांना विचारू? दुसरं काहीतरी देतील."

"नको."

"अगं, हट्ट कशाला?"

"हट्ट नाही. मला हे वाटायला हवंय."

त्याने स्वतःचं स्टूल माझ्या स्टुलाला लावलं आणि तोही आकडे बघत बसला. त्याच्या घशाखाली दिवसभरात पाण्याचा घोट गेला नव्हता, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं.

शुक्रवारी अहवाल आला. अतिजलद. डॉक्टर तांबोळींनी दोन पर्याय ठेवले. माझा वेग भरून पट्टी पुन्हा लावता येईल, आठवडाभर काही दुखणार नाही, पण दूध तोडावं लागेल. नाही तर साधी तापाची गोळी. "तिने दुखणं निम्मंच थांबेल. आणि तिच्यासोबत उलटीची गोळी घेऊ नका, तापाच्या गोळीचाही जोर तिने कमी होतो. मळमळ झाली तर आल्याचा तुकडा चघळा. आमची आजी तेच द्यायची."

मी साधी गोळी घेतली. हृषीच्या मनात पट्टी होती, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण या खेपेला त्याने मला ठरवू दिलं. मधले दोन दिवस मी दर तीन तासांनी दूध काढून ओतून देत होते, आणि सासूबाई केतकीला वाटी-चमच्याने पावडरचं दूध पाजत होत्या. जायफळाचा विषय आमच्यात निघाला नव्हता. घरी आल्यावर मी म्हटलं, "आई, त्या दिवशी मी जे बोलले..."

"बोललीस," त्या म्हणाल्या. "आणि दवाखान्यात जे बोललीस तेही ऐकलं मी. पहिलं विसरायला जरा वेळ लागेल. विसरेन." आणि चमचा धुवायला निघून गेल्या.

शनिवारी सकाळी पाजायला परवानगी मिळाली. माझ्या रक्तात औषध उरलेलं नाही, दूध निर्मळ आहे, असं कागदावर लिहून आलं होतं. तो कागद मी चारदा वाचला. तरी केतकीला मांडीवर घेतलं तेव्हा ब्लाउजचा हूक काढायला माझा हात उठेना. ती डोकं घुसळायला लागली, तिला वास आला होता. खांद्यात कळ आली. मी डोळे मिटून तिला लावलं.

ती अधाशासारखी प्यायली. ठसका लागला, सोडून दिलं, परत धरलं. पंधरा मिनिटं. मग तिची पकड सुटली, ओठांच्या कडेला दुधाचा थेंब राहिला आणि मान माझ्या कोपरावर कलंडली.

मी श्वास मोजला. चौतीस. परत मोजला. चौतीसच. पण मंगळवारीही ती अशीच झोपली होती, याच कोपरावर, आणि मला छान वाटलं होतं.

"पोट भरलं म्हणून झोपलीय ती," सासूबाई दारातून म्हणाल्या. "घाल पाळण्यात."

मी केतकीच्या तळव्यावर टिचकी मारली.

ती दचकून जागी झाली आणि किंचाळून रडायला लागली. लालबुंद होऊन, मुठी वळून, पाय झाडत. एक पाय थेट माझ्या टाक्यांवर बसला.

"अगं, झोपलेल्या पोराला उठवतेस?" सासूबाई हात पुढे करून आल्या. "दे इकडे, गप करते."

"रडू दे हो, आई," मी म्हटलं. "जरा वेळ रडू दे."

त्यांचे हात तसेच पुढे राहिले. मग त्यांनी ते मागे घेतले, पदराने माझ्या कपाळावरचा घाम टिपला, आणि आम्ही दोघी ऐकत बसलो.